शून्याच्या तुकड्यांची पंगत

पीएच.डी. पुरी करायला काय काय लागतं, याचा एक सायक्लोस्टाइल केलेला कागद विद्यापीठात पाऊल टाकल्या दिवशीच माझ्या हातात ठेवण्यात आला. शाई इतकी फिकी की निम्म्या अटी अंदाजानेच वाचाव्या लागत. अमुक इतके विषय पास व्हा, मग लेखी पात्रता परीक्षा, मग तोंडी पात्रता परीक्षा, एक परदेशी भाषा, दोन सेमिनार, शेतकऱ्याच्या रानात दोन हंगाम प्रयोग, प्रबंधाच्या पाच टंकलिखित प्रती, आणि सगळ्यात शेवटी बाहेरगावच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. त्याशिवाय ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा आणि अवजारांची खोली, या सगळ्यांकडून 'यांच्याकडे आमचं काही राहिलेलं नाही' असा दाखला. अवजारांच्या खोलीतल्या कारकुनाला माझ्याकडे एक खुरपं आहे असा संशय शेवटपर्यंत होता. मी खुरपं नेलं नव्हतं, हे आजही सांगतो.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, मोठ्या दुष्काळाच्या अगोदरची गोष्ट. मी तेव्हा तिशीला टेकलेला, एका शेतकी शाळेत मास्तर. तीन वर्षांची अभ्यासरजा घेऊन आलो होतो. आमचे मुख्याध्यापक निरोप देताना म्हणाले होते, "तीन वर्षांत डॉक्टर होऊन या, नाहीतर नुसतेच या. पण चौथ्या वर्षी येऊ नका, जागा भरलेली असेल." त्यांना विनोद करायची सवय नव्हती, त्यामुळे मी ते मनावर घेतलं.

परदेशी भाषेचं आधी सांगून टाकतो, म्हणजे ते मागे पडेल. ज्वारीला युरिया किती घालावा हे ठरवायला जर्मन कशाला लागतं, असं मी माझ्या मार्गदर्शकांना विचारलं. ते म्हणाले, "अट आहे." या दोन शब्दांपुढे तिथे कुणाचं काही चालत नसे. मग दर रविवारी एसटीने श्रीरामपूरला जाऊन मी एका म्हाताऱ्या परदेशी पाद्रीबाबांकडे जर्मन शिकू लागलो. ते मराठी माझ्यापेक्षा फर्डं बोलत. पण चाळीस वर्षं मराठीत राहून त्यांचं जर्मनच मागं पडलं होतं. एखादा शब्द अडला की ते दाढीवरून हात फिरवत, "थांबा हं, येतोय," म्हणत, आणि तो आला नाही की स्वतःवरच चिडून कोंबड्यांना दाणे टाकायला निघून जात. अशा शिकवणीवर मी काठावर पास झालो. आज मला जर्मनमध्ये 'कोंबडी' एवढंच म्हणता येतं.

खरी परीक्षा होती ती दोन हंगामांची. माझा प्रयोग मिरजगावला, एका मायलेकांच्या रानात होता. नगरला गाडी बदलून जावं लागे. रब्बी ज्वारीचे सोळा सारखे तुकडे पाडले होते. चार तुकड्यांना युरिया भरपूर, चारांना मध्यम, चारांना थोडा आणि चारांना काहीच नाही. कोणता तुकडा कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, त्यामुळे सगळे एकमेकांत मिसळलेले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक खुंटी आणि खुंटीवर आकडा. काहीच न घातलेल्या तुकड्याच्या खुंटीवर शून्य. अडाण्याला वाटेल की शून्याचा तुकडा फुकट गेला. पण सगळ्या प्रयोगाचा जीव त्यातच असतो. काहीच न घालता काय पिकतं हे माहीत नसेल, तर घातल्याने काय झालं हे कळणार कशावरून?

हे मी पहिल्याच पेरणीच्या दिवशी मावशींना समजावून सांगितलं. मावशी म्हणजे त्या रानाच्या मालकीणबाई, साठीच्या, किडकिडीत. त्यांचा मुलगा चाळिशीचा बाप्या होता, पण आईसमोर त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. मी युरिया टाकत पुढे सरकत होतो आणि मावशी बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

"मास्तर, हितं इसरलात," त्या म्हणाल्या.

"विसरलो नाही मावशी. याला द्यायचं नाही."

"का? ह्यानं काय केलं?"

मी प्रयोगाचं शास्त्र सांगितलं. तुलना म्हणजे काय, शून्य म्हणजे काय. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी एका पंगतीला बसवायचं, ह्याला तूपपोळी वाढायची, आन् त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्याला कोरडं पान. आमच्यात असला पंक्तिपरपंच करत न्हाईत मास्तर. पाप लागतं."

"जमिनीला कसलं पाप मावशी?"

"जमिनीला न्हाई, वाढनाऱ्याला."

मी पुन्हा शास्त्र सांगितलं, या वेळी जरा आवाज चढवून. मला तेव्हा आवाज चढवला की मुद्दा पटतो असं वाटे. मावशी म्हणाल्या, "बरं." त्यांचं 'बरं' हे निव्वळ 'ऐकलं' या अर्थाचं असतं, एवढं कळायला मला दीड वर्ष लागलं.

पहिला हंगाम पुस्तकातल्यासारखा गेला. शून्याची ज्वारी पिवळट, गुडघ्याएवढी, पुढची थोडी बरी, त्याहून पुढची आणखी बरी. आकड्यांचा कसा जिना झाला होता. मी तो जिना रंगीत पेन्सिलींनी काढून खोलीच्या भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटलो.

दुसऱ्या हंगामात तेच तुकडे, त्याच खुंट्या, तोच युरिया. हुरड्याच्या सुमाराला गेलो आणि बांधावरच उभा राहिलो. शून्याचे चारही तुकडे काळेभोर हिरवे होते आणि कणसं माझ्या डोक्यावरून गेली होती. भरपूर युरिया खाल्लेले तुकडे त्यांच्या शेजारी आजारी पोरांसारखे दिसत होते. कापणी झाली तेव्हा मी कणसं तीनदा तोलली. मग तराजूवर शंका घेऊन दुसरा तराजू आणला. मग चिठ्ठ्या टाकलेला कागद उलटा धरून पाहिला. जिना कोसळला तो कोसळलाच.

मार्गदर्शक बोलायला महाग माणूस. आकडे बघून म्हणाले, "खुंट्या हलवल्यात?"

"नाही सर."

"मग रानात जाऊन विचारा."

गेलो. मावशींचा मुलगा मला बघून बैलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. तेव्हाच मी ओळखलं. मावशींनी मात्र काही लपवलं नाही. विचारल्याबरोबर म्हणाल्या, "मेंढरं बसवली."

आमच्याकडे धनगर मेंढरं घेऊन फिरतात, तेव्हा शेतकरी त्यांना मोकळ्या रानात रात्रीची बसवून घेतात. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, त्यासारखं खत नाही. मावशींनी पेरणीच्या आधी, भादव्यात, मी नसताना एक कळप बोलावला होता. जाळी लावून मेंढरं फक्त शून्याच्या तुकड्यांवर बसवली. बाकीच्यांवर नाही, कारण बाकीच्यांना मास्तर वाढतच होते.

"चारी तुकड्यांवर दोन-दोन राती," मावशी म्हणाल्या. "एकाला जास्ती एकाला कमी, असं न्हाई केलं. मेंढरं बी तितकीच." एवढं काटेकोर काम केलं तर मास्तर खूश व्हायला हवेत, असा त्यांचा चेहरा होता.

मी खूश झालो नाही. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मेंढ्यांनी माझी डिग्री खाल्ली असं बोललो. अडाणी माणसाच्या रानात प्रयोग करणारा महाअडाणी असंही बोललो, आणि त्यातला पहिला अडाणी कोण हे हात करून दाखवलं. शेवटी म्हणालो, "आता निकाल लागेपर्यंत शून्याच्या तुकड्यांवर मूठभर माती टाकायची नाही. शेणाची पाटी तर सोडाच, त्यांच्याकडे मायेनं बघायचंसुद्धा नाही!"

मावशी तोवर उभ्या होत्या. त्या खाली बसल्या.

"तुमचं नुसकान झालं का मास्तर?"

"वर्ष गेलं माझं. आता यंदाचा एकच हंगाम उरलाय. तो चुकला तर रजा संपली आणि डिग्रीही गेली."

त्यांनी रानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्या खेपेला ऱ्हाऊ द्या उपाशी. माझा सबूद."

मी परत येऊन मार्गदर्शकांना सगळं सांगितलं आणि तो माणूस हसला. तीन वर्षांत तेवढा एकदाच. "चारही तुकड्यांना सारखंच दिलं म्हणता? अहो, बाईंची शिस्त तुमच्यापेक्षा बरी आहे." मग त्यांनी असं ठरवलं की दुसरा हंगाम सोडून द्यायचा, तिसऱ्यात मेंढरं न बसलेल्या पट्टीत नव्याने वीस तुकडे पाडायचे, आणि पाचवा प्रकार म्हणून मेंढरं रीतसर बसवायची. पण शून्य मात्र शून्यच राहिलं पाहिजे. अट आहे.

तिसऱ्या हंगामात मी दर पंधरा दिवसांनी मिरजगावला हजर. शून्याच्या तुकड्यात गुडघे टेकून माती उकरून बघायचो, हुंगायचो. गावातली माणसं बांधावर उभी राहून हे बघत. शहरात शिकायला गेलेला माणूस माती हुंगत परत येतो, यावर त्यांची आपसात काहीतरी मतं होती. मावशी मला चहा देत, स्वतः माझ्याबरोबर घेत नसत. संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ दिला, तो त्यांनी कपाळाला लावून पदराच्या टोकाला बांधला. मला काहीही जाणवलं नाही. माझं सगळं लक्ष मातीकडे होतं.

माघाच्या शेवटी कापणी झाली आणि जिना पुन्हा उभा राहिला. शून्य तळाला, शून्यासारखं. मेंढरांचे तुकडे जवळजवळ वरच्या पायरीला. मग नगरच्या एका टंकलेखकाकडे महिनाभर मुक्काम. त्याच्या इंग्रजी यंत्रावर 'ई' हे अक्षर अर्ध्या ओळीने वर उडायचं, आणि पाचव्या कार्बन प्रतीवर तर फक्त उडालेले 'ई'च वाचता यायचे. माझी शाळा जूनमध्ये उघडणार होती. तोंडी परीक्षा मे महिन्याच्या मध्यावर ठरली.

परीक्षक विदर्भाकडून आले होते. मे महिन्यात कोट. त्यांनी प्रबंध वाचला होता, हेच मला अनपेक्षित होतं. त्यांनी नेमकं ते पान काढलं, जिथे मी 'काही अपरिहार्य कारणांमुळे दुसऱ्या हंगामाची नोंद विचारात घेतलेली नाही' अशी ओळ घुसडली होती.

"अपरिहार्य कारणं म्हणजे?"

मी मार्गदर्शकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. शेवटी सगळं खरं सांगितलं, पंगत, पाप, मेंढरं, सगळं. परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "ज्या बाईला एकदा दया आली, तिला यंदा आली नसेल कशावरून? हे तुमचे शून्याचे तुकडे खरोखर उपाशी होते याला पुरावा काय?"

माझ्याकडे 'त्यांनी शब्द दिलाय' एवढंच होतं. ते प्रबंधात कुठल्या तक्त्यात बसतं, मला माहीत नव्हतं. रजेचे पंधरा दिवस उरले होते, आणि आता दुसरा कुठलाही हंगाम मला मिळणार नव्हता.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "मी स्वतः विचारल्याशिवाय सही करणार नाही."

मार्गदर्शक म्हणाले, "जीप आहे."

भर दुपारी मिरजगावला पोचलो. रान नांगरून पडलं होतं, फक्त शून्याचे चार तुकडे न नांगरता, ज्वारीच्या धसकटांसकट तसेच होते. ते असे का ठेवलेत, मला कळेना. बांधावर शेणखताचा मोठा ढीग आणि शेजारी रिकाम्या पाट्या उपड्या घातलेल्या. मावशींनी जांभळीखाली घोंगडी टाकली, आणि आमच्याकडची रीत म्हणून गुळाचे खडे आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. परीक्षकांनी खडा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"बाई, यंदा त्या चार तुकड्यांना काही घातलंत का?"

"न्हाई."

"अगदी मूठभर?"

"सबूद दिलता मास्तरास्नी."

"नुसत्या शब्दावर मला सही करता येत नाही, बाई."

मावशींचा चेहरा उतरला, तो मला बघवेना. इतक्यात मागून त्यांचा मुलगा बोलला. त्याचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सायेब, पेरनीपास्नं तिनं गोड तोंडात घातल्यालं न्हाई! दिवाळीचा लाडू न्हाई, व्हळीची पोळी न्हाई, परवा अक्षीतीला आमरस केलता, तिनं मिरचीसंगं भाकर खाल्ली. च्यात गूळ न्हाई. मास्तरांचा तिळगूळ डब्यात हाय, दाखवू का? म्हनती, मी त्यांस्नी उपाशी ठिवलंय, मंग मला गोड कसं गिळंल?"

"तू गप ऱ्हा," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी," मी म्हणालो, "पण कापणी माघातच झाली! त्यानंतर घालायचं की खत. आणि तुम्ही अजून..."

"तुमीच म्हनलात न्हवं, निकाल लागंपतुर हात लावायचा न्हाई," मावशी म्हणाल्या. "लागला का निकाल?"

मी आयुष्यात इतका ओशाळलो नाही. मी ते रागाच्या भरात बोललो होतो आणि एसटीत बसेपर्यंत विसरलोही होतो. मी म्हणालो तो निकाल पिकाचा. त्यांनी तो माझा धरला, आणि दिलेला शब्द मोडला नाही.

परीक्षकांनी हातातला खडा ताटलीत परत ठेवला. ते मावशींकडे बघत होते. मग म्हणाले, "लागला, बाई. पास झाले हे."

मला वाटलं, आता मावशी माझं कौतुक करतील. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चटकन उठल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली, पाटी भरली आणि शून्याच्या पहिल्या तुकड्याकडे चालू लागल्या. मुलगा मागोमाग. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. दुसरी खेप घेऊन वळलो तर परीक्षकांनी कोट काढून जांभळीच्या फांदीला अडकवला होता आणि ते मार्गदर्शकांना म्हणत होते, "तुम्ही त्या बाजूने धरा."

दोघा डॉक्टरांनी मिळून एक पाटी उचलली. टेरिकॉटच्या पँटी, पॉलिश केलेले बूट, आणि मध्ये हेलकावे खाणारं शेणखत. पहिल्या खेपेला अर्धं खत मार्गदर्शकांच्या बुटात गेलं. परीक्षकांना मात्र उत्साह चढला. त्यांनी तिसऱ्या तुकड्यात लागोपाठ दोन पाट्या ओतल्या.

"ओ सायेब!" मावशी बांधावरून ओरडल्या. "त्येला जास्ती झालं की! शेजारच्यानं काय करावं?"

विदर्भातल्या त्या नामांकित माणसाने मुकाट्याने हातांनी खत उचलून शेजारच्या तुकड्यात नेऊन टाकलं, आणि बरोबर झालं का म्हणून मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली. मग पुढची पाटी.

चारही तुकडे झाले तेव्हा आम्ही सगळे घामाने आणि शेणाने एकाच रंगाचे झालो होतो. परीक्षकांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. वर एका कोपऱ्यात त्यांचा शेणाचा अंगठा उठला, तो पुढे विद्यापीठाच्या कचेरीत बराच चर्चेचा विषय झाला.

मावशींनी हात धुतले. पदराला पुसले. ताटलीतला गुळाचा लहानसा खडा घेतला, एकदा चारही तुकड्यांकडे नजर फिरवली आणि खडा तोंडात टाकला. चावला नाही. डोळे मिटून नुसता धरून ठेवला. आठ महिने. तेवढ्या आठ महिन्यांत मी नगरला दर फेरीत स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून जिलेबी खात होतो, आणि मावशींनी शब्द पाळला की नाही याची काळजी करत होतो.

"घ्या की मास्तर," त्या डोळे उघडून म्हणाल्या. "तुमाला डाक्टर म्हनायचं आता, व्हय?"

मी "नको, मास्तरच म्हणा," म्हणालो आणि त्यांच्या पाया पडलो. वाकल्यावर मला रडू आलं, आणि ते थांबेपर्यंत मी वर उठलो नाही.